पेरोलचं सर्टिफिकेट घ्यायचं, पण कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बी.कॉम. आहे. चिंचवडला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे चार वर्षं १८० कामगारांचे पगार करते. मला हातात २२ हजार मिळतात. एका क्लासवाल्यांनी तीन महिन्यांचा 'सर्टिफाइड पेरोल प्रोफेशनल' कोर्स सुचवलाय. फी ४८ हजार. सर्टिफिकेट सरकारमान्य आहे, शंभर टक्के प्लेसमेंट देतो म्हणतात. मावसभाऊ हिंजवडीत आहे, तो म्हणतो हे सोड, अमेरिकेची परीक्षा दे. मुलगी तीन वर्षांची आहे. क्लासला दोन हजार टोकन देऊन बसलेय. काय करू?"

ताई, उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा. मीसुद्धा २००७ साली भोसरीत अशाच एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात सुरुवात केली. पुढे दोन कंपन्यांमध्ये इन-हाउस पेरोल केलं, म्हणजे कंपनीतच बसून तिच्या माणसांचे पगार केले, मग आठ वर्षं अमेरिकन क्लायंटचे पगार केले. आता एका आउटसोर्सिंग कंपनीत टीम सांभाळते आणि नवी माणसं घेण्यासाठी इंटरव्ह्यूही घेते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

तुम्ही विचारलंय, कोणतं सर्टिफिकेट घेऊ. पण तुमचा प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटतं, तुम्हाला कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून बाहेर पडायचंय आणि सर्टिफिकेट हे त्याचं दार आहे असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. कधीकधी ते दार असतंही. पण कुठल्या घरात शिरायचंय ते ठरल्याशिवाय कुठलं दार ते कसं सांगणार? भारतातल्या कंपनीचे पगार करायचे, की अमेरिकेतल्या कंपनीचे पुण्यात बसून करायचे, की परदेशीच जायचं, यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. मुलगी तीन वर्षांची आहे, त्यामुळे शिफ्टचाही विचार करावा लागेल. घरून काम मिळेल का, इंग्रजी फोनवर बोलायची सवय आहे का, हे मला माहीत नाही, म्हणून काही ठिकाणी "असं असेल तर" म्हणावं लागेल.

आधी त्या "सरकारमान्य" शब्दाचं बघू. सीएसाठी १९४९ चा कायदा आहे, कॉस्ट अकाउंटंटसाठी १९५९ चा, कंपनी सेक्रेटरीसाठी १९८० चा. त्या कायद्यांनी संस्था उभ्या केल्या, परीक्षा त्या संस्था घेतात आणि त्यांचा सभासद नसलेल्याला ते नाव लावता येत नाही. पेरोलसाठी आपल्याकडे असा कुठलाही कायदा नाही. पगार करायला परवाना लागत नाही. उद्या तुमचा भाऊ पगार करायला बसला तरी कुणी अडवणार नाही, फक्त महिनाअखेरीला कामगार त्याला अडवतील. त्यामुळे क्लास "सरकारमान्य" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे उद्यम नोंदणीचा नंबर असतो किंवा आयएसओचा शिक्का असतो. उद्यम नोंदणी व्यवसायाची असते. अभ्यासक्रमाला त्याने काही मान्यता मिळत नाही.

दुसरी गोष्ट कोर्सच्या नावाची. 'सर्टिफाइड पेरोल प्रोफेशनल', म्हणजे सीपीपी, हे अमेरिकेतल्या पेरोलऑर्ग या संस्थेच्या वरच्या परीक्षेचं नाव आहे. ही संस्था आधी अमेरिकन पेरोल असोसिएशन होती, २०२३ मध्ये नाव बदललं. ती परीक्षा अमेरिकेच्या कायद्यावर असते, आणि तिला बसायला आधी पेरोलच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. इथला एखादा क्लास तीन महिन्यांनंतर तेच नाव छापून देत असेल तर ते सीपीपी वेगळं आणि हे वेगळं. माझ्याकडे असे बायोडेटा येतात. नावापुढे सीपीपी लिहिलेलं असतं, विचारलं तर क्लासचं नाव सांगतात. उमेदवाराचा दोष नसतो, पण इंटरव्ह्यूची पहिली पाच मिनिटं वाया जातात आणि समोरच्याच्या मनात अढी बसते.

आता भारतातल्या पेरोलबद्दल. तुमचा खरा माल इथे आहे आणि तुम्हाला तो दिसत नाहीये.

कॉन्ट्रॅक्टरचं पेरोल हे सगळ्यात खडतर पेरोल आहे. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. म्हणजे वर्षातून दोनदा तुम्ही १८० माणसांचे दर बदलता. हजेरी तीन-चार साइटवरून येते, एक मस्टर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत, एक सुपरवायझरच्या वहीत. माणसं महिन्याच्या मध्येच येतात आणि मध्येच जातात. पंधरा तारखेच्या आत पीएफचा ईसीआर (महिन्याचा ऑनलाइन तपशील) आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, चलन भरल्याशिवाय मुख्य कंपनी तुमच्या मालकाचं बिल पास करत नाही, म्हणून चलनं बिलाला जोडून पाठवावी लागतात. हे चार वर्षं केलेल्या बाईला "मला फक्त कॉन्ट्रॅक्टरकडचा अनुभव आहे" असं खाली मान घालून म्हणायची गरज नाही. मी अशी माणसं आवर्जून घेते, कारण दोन तारखेला हजेरी अर्धवट असली तरी सात तारखेला पगार कसा होतो ते त्यांना ठाऊक असतं.

मग तुमच्यात कमी काय आहे? तुमच्या कामगारांपैकी कुणी आयकराच्या टप्प्यात येत नसणार. म्हणजे पगारावरचा टीडीएस, पगारातून आयकर कापून भरणं, तुम्ही कधी केलेला नाही. सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, फोडून पगाराची रचना करणं, नोटीस पिरियडची वसुली धरून सोडून जाणाऱ्याचा शेवटचा हिशेब, म्हणजे फुल अँड फायनल, करणं, जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे तपासणं हेही नाही. आणि काम बहुधा एक्सेलवर किंवा टॅलीवर चालत असेल. ग्रेटएचआर, कीका, झोहो पेरोल यांसारखं सॉफ्टवेअर हाताळलेलं नसेल. मला तरी ही एवढीच उणीव दिसते. ४८ हजारांचा कोर्स तुम्हाला पीएफ म्हणजे काय इथपासून शिकवणार, आणि पीएफ तुम्ही त्या शिकवणाऱ्याला शिकवू शकाल.

मी इंटरव्ह्यूत काय विचारते ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. एक कागद देते, त्यावर चार माणसं असतात.

पहिला मुलगा, पहिलीच नोकरी, बेसिक १८ हजार. पीएफसाठी कंपनी भरते त्या १२ टक्क्यांतले पेन्शनमध्ये किती जातील? निम्म्याहून जास्त उमेदवार १,२५० म्हणतात, कारण १५ हजारांच्या ८.३३ टक्के हे पाठ असतं. पण १ सप्टेंबर २०१४ पासून पुढे पहिल्यांदा पीएफचा सभासद झालेला आणि पगार १५ हजारांच्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. त्याचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच जातात. ईसीआरमध्ये हे चुकलं तर पैसे भलत्या खात्यात जाऊन बसतात आणि दुरुस्तीला घाम फुटतो.

दुसरी बाई, महिन्याचा पगार २४,८००, एका महिन्यात ओव्हरटाइम धरून २५,३०० झाला. महाराष्ट्रात स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत व्यवसायकर नाही. म्हणजे त्या एका महिन्यात तिचे २०० कापायचे, पुढच्या महिन्यात पुन्हा नाही. तो महिना फेब्रुवारी असेल तर ३००.

तिसरा प्रश्न ईएसआयसीचा, आणि तो मी माझ्या स्वतःच्या चुकीतून घेतलाय. २०१२ ची गोष्ट. तेव्हा ईएसआयसीत येण्यासाठी पगाराची मर्यादा १५ हजार होती. मी ज्या कंपनीत होते तिथं जुलैत पगारवाढ झाली, अकरा जणांचे पगार १४,२०० वरून १५,६०० झाले. मर्यादा ओलांडली म्हणून मी जुलैपासून त्यांची कपात थांबवली. कामगार खूश, हातात चार पैसे जास्त आले. पुढच्या वर्षी इन्स्पेक्टर आले आणि रजिस्टरवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे अकरा जण जुलै ते सप्टेंबर कुठे गेले? कारण योगदानाचा काळ सहा महिन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या सुरुवातीला माणूस आत असेल तर मध्ये पगार कितीही वाढला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालूच ठेवायची, आणि तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. तेव्हा कामगाराचे १.७५ आणि कंपनीचे ४.७५ टक्के होते. अकरा माणसं, तीन महिने, दोन्ही हिस्से मिळून ३३ हजारांच्या वर गेले, शिवाय १२ टक्के दराने व्याज. कामगाराचा हिस्सा नंतरच्या पगारातून कापता येत नाही, त्यामुळे तोही कंपनीच्या माथी. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ते चलन माझ्याच हातून भरून घेतलं.

आजच्या दराने मांडायचं तर मर्यादा २१ हजार, दर ०.७५ आणि ३.२५. जुलैत २०,५०० चे २२,५०० झाले तर सप्टेंबरपर्यंत कामगाराचे १६९ आणि कंपनीचे ७३२ भरत राहायचे. १६८ रुपये ७५ पैशांचे १६९ होतात, कारण ईएसआयसीत वरच्या रुपयाला पूर्ण करतात. हा रुपया सांगणारा उमेदवार मला आवडतो.

चौथा माणूस टीडीएसचा, म्हणजे तुमचा कच्चा विषय. ऑक्टोबरात रुजू झाला. आधीच्या कंपनीत सहा महिन्यांत ७ लाख घेतलेले, इथं मार्चपर्यंत साडेसात लाख मिळणार. नवीन करप्रणालीत आहे. कर किती? नुसते साडेसात लाख धरले तर कर शून्य येतो आणि सगळे खूश. पण त्याने आधीचा पगार जाहीर केला तर बेरीज साडेचौदा लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले पावणेचौदा लाख. २०२५-२६ च्या दरांनी ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ वर ४० हजार, उरलेल्या पावणेदोन लाखांवर १५ टक्क्यांनी २६,२५०. एकूण ८६,२५०, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ८९,७००. करपात्र रक्कम बारा लाखांच्या वर गेल्यामुळे कर शून्य करणारी सूट नाही. हे जुलैत रिटर्न भरताना कळलं तर तो माणूस पेरोलवाल्यांच्या नावाने खडे फोडतो. म्हणून रुजू होतानाच विचारायचं, लेखी घ्यायचं आणि उरलेल्या महिन्यांत विभागून कापायचं.

या चारपैकी तीन तुम्हाला बहुतेक आजच येतील. चौथा शिकायला ४८ हजार लागत नाहीत. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कर मोजायचं साधन फुकट आहे. वेगवेगळ्या पगाराची वीस काल्पनिक माणसं घ्या, जुनी आणि नवी दोन्ही प्रणाली हाताने मोजा, मग तिथं ताडून बघा. हातानेच करा, एक्सेल नंतर. मोजताना घरभाडे सूटही घ्या. ती फक्त जुन्या प्रणालीत मिळते हे विसरणारे रोज भेटतात.

एक मात्र लक्षात ठेवा. सध्या हा विषय पायाखालून सरकतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. पगारावरच्या टीडीएसचं कलम १९२ सगळ्यांच्या तोंडात बसलेलं, ते आता ३९२ झालं. त्याहून मोठा बदल 'वेतन' या शब्दाच्या व्याख्येचा आहे. समजा कुणाचा एकूण पगार ४० हजार, त्यात बेसिक १४ हजार आणि उरलेले २६ हजार घरभाडे, प्रवास अशा वगळता येणाऱ्या भत्त्यांचे. संहितेप्रमाणे वगळलेल्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात परत धरायचा. निम्मे म्हणजे २० हजार, वरचे ६ हजार परत आले, वेतन झालं २० हजार. ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ या सूत्राने एका वर्षामागे १४ हजारांवर ८,०७७ येते, २० हजारांवर ११,५३८. भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवायची जी आपल्याकडची जुनी खोड, तिच्यावर हा घाव आहे. म्हणून कुठल्याही क्लासची पुस्तिका हातात आली की पहिल्यांदा हे पान उघडा. तिथं अजून जुनीच व्याख्या आणि कलम १९२ असेल तर पुस्तिका परत ठेवा.

भारतातलंच पेरोल करायचं आणि कागदही हवा असेल, तर मी क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा विद्यापीठाची कामगार कायदे आणि कामगार कल्याण या विषयाची पदविका सुचवेन, जिला आपण डीएलएल अँड एलडब्ल्यू म्हणतो. पुण्यातल्या विधी महाविद्यालयांत ती चालते, बी.कॉम.ला प्रवेश मिळतो. तिच्यात टीडीएस नाही आणि सॉफ्टवेअरही नाही, हे खरं. पण एचआरच्या लोकांना ते नाव माहीत असतं, विद्यापीठाचा शिक्का असतो आणि पुढे पेरोलमधून आयआर (कामगार संबंध) किंवा कम्प्लायन्सकडे (कायद्यांच्या पालनाचं काम) वळायचं झालं तर उपयोगी पडते. मी ती केलेली नाही. माझ्या टीममधल्या दोघींनी केलीय आणि इन्स्पेक्टर आले की मी त्यांनाच पुढे करते. सॉफ्टवेअर कंपन्यांचे स्वतःचे छोटे ऑनलाइन कोर्स असतात, काही फुकट असतात. त्यातला एक करून ठेवा. भिंतीवर लावण्यासारखं त्यात काही नसतं, पण "हे सॉफ्टवेअर बघितलंय का" या प्रश्नाला हो म्हणता येतं.

आता मावसभावाचं म्हणणं. तो चूक नाही, फक्त त्याने अर्धंच सांगितलंय.

हिंजवडी-खराडीत अमेरिकन कंपन्यांचे पगार करणारी मोठी ऑफिसं आहेत. तिथं पेरोलऑर्गच्या पहिल्या परीक्षेला, म्हणजे एफपीसीला, खरी किंमत आहे. बढतीच्या वेळी विचारतात, काही कंपन्या पास झाल्यावर फीही परत देतात. एफपीसीला अनुभवाची अट नाही, कुणीही बसू शकतं. १५० प्रश्न, तीन तास, सगळे बहुपर्यायी. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मग शिक्षणाचे तास दाखवून नूतनीकरण करायचं, नाहीतर पुन्हा परीक्षा. फी डॉलरमध्ये, म्हणून नापास झाल्यावर मनाला जास्त लागतं. मी पहिल्या खेपेला नापास झाले होते, तेव्हा अनुभवाने सांगतेय.

का नापास झाले ते सांगते, कारण आपल्याकडची बरीच मुलं तिथंच अडकतात. आकडेमोड मला येत होती. तिकडे पगारातून कापायचे सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के, मेडिकेअर १.४५, दोन लाख डॉलरच्या वर आणखी ०.९ फक्त कर्मचाऱ्याकडून, हे सगळं पाठ. घात केला तो आपल्या सवयींनी. उदाहरणार्थ, आपल्याकडे दिवाळीला कंपनी मिठाईचा पुडा देते तसा तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) देतात. टर्कीवर कर नाही, किरकोळ भेट म्हणून सोडतात. पण टर्कीऐवजी २५ डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं की ते रोख रकमेसारखं धरून पगारात मिळवायचं आणि त्यावर कर कापायचा. मी "२५ डॉलरसाठी कोण बघतंय" या आपल्या हिशेबाने उत्तर दिलं. असे सात-आठ प्रश्न तरी गेले असतील.

ओव्हरटाइमचंही तसंच. आपल्या कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट, विषय संपला. तिकडे १९३८ च्या एफएलएसए कायद्याने आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट, पण दीडपट कशाच्या? समजा ताशी २० डॉलरवाला माणूस आठवड्यात ४६ तास राबला आणि त्याला उत्पादनाचा ४६ डॉलर बोनस मिळाला. आपण पटकन ४० तासांचे ८००, सहा तासांचे दीडपटीने १८०, वर बोनस ४६, असे १,०२६ मांडतो. चूक. आधी सगळे ४६ तास साध्या दराने ९२०, त्यात बोनस ४६, झाले ९६६. भागिले ४६ तास, म्हणजे त्याचा नियमित दर २१ डॉलर. वरच्या सहा तासांसाठी या दराचा अर्धा, साडेदहा डॉलरने ६३. एकूण १,०२९. फरक तीन डॉलरचा. पण अशी माणसं चारशे असली आणि आठवडे बावन्न असले की वकिलाची नोटीस येते. हे एकदा डोक्यात बसलं की परीक्षेतले असले प्रश्न हसत सुटतात. दुसऱ्या खेपेला मी पाच महिने रोज पहाटे दीड तास दिला आणि प्रत्येक नियमापुढे वहीत लिहीत गेले: "आपल्याकडे असं, तिकडे तसं." ती वही अजून आहे.

अभ्यासाचं पुस्तक घ्याल तेव्हा त्याच वर्षाचं घ्या. कुणाकडून जुनं मिळतंय म्हणून घेऊ नका. सोशल सिक्युरिटी ज्या पगारापर्यंत कापायची तो आकडा दर वर्षी बदलतो, २०२५ ला १,७६,१०० डॉलर होता, २०२६ ला १,८४,५०० झाला.

पण भावाने सांगितलं नाही ते हे, की एफपीसी आधी करून मग अमेरिकन प्रोसेसमध्ये, म्हणजे अमेरिकन क्लायंटच्या कामात, शिरण्यापेक्षा आधी शिरून मग एफपीसी करणं बरं. नवख्यांना तिथं पेरोलचा कुठलाही अनुभव आणि इंग्रजी ईमेल लिहिता येणं एवढ्यावर घेतात, प्रशिक्षण तेच देतात. रोज डब्ल्यू-४ आणि ९४१ हे अमेरिकन कराचे फॉर्म हाताखालून जात असले की परीक्षा निम्मी सोपी होते, फी कंपनी देण्याचीही शक्यता असते. अडचण शिफ्टची. बरेच प्रोसेस संध्याकाळी सुरू होऊन रात्री दोन-तीनला संपतात. कॅब असते, पण तीन वर्षांच्या मुलीला रात्री कोण निजवणार हा प्रश्न घरात बसून सोडवायचा आहे. माझा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत मी भारतीय पेरोलमध्येच राहिले, मग शिफ्ट घेतली. मला ते सोपं गेलं कारण सासूबाई जवळ होत्या. तुमचं तसं असेलच असं नाही.

परदेशी जायचं असेल तर त्या त्या देशाची संस्था वेगळी. ब्रिटनमध्ये सीआयपीपी आहे, तिला शाही सनद आहे. कॅनडात नॅशनल पेरोल इन्स्टिट्यूट आहे, तिथं अभ्यासक्रमाबरोबर कामाचा अनुभवही लागतो. व्हिसा हातात यायच्या आधी यात पैसे घालू नका, एवढंच सांगेन.

म्हणजे तुमच्यापुरता क्रम मी असा लावते: येत्या दोन-तीन महिन्यांत टीडीएस, फुल अँड फायनल आणि एक सॉफ्टवेअर. त्याच काळात बायोडेटा नव्याने लिहा. "पेरोल एक्झिक्युटिव्ह, चार वर्षं" असं न लिहिता कामगार किती, साइट किती, ईसीआर आणि ईएसआयसी स्वतः भरता का, सहामाही भत्त्याचे बदल कोण करतं, इन्स्पेक्शनला कधी सामोऱ्या गेलात का, हे लिहा. कामगारांचे यूएएन (पीएफचे नंबर), आधार, बँकेचे तपशील मात्र नमुना म्हणून घरी आणू नका आणि इंटरव्ह्यूत दाखवू नका. एकदा एका मुलाने मला इंप्रेस करायला जुन्या कंपनीचं अख्खं पगारपत्रक लॅपटॉपवर उघडून दाखवलं. काम चांगलं होतं, पण उद्या माझ्या क्लायंटचं पगारपत्रकही तो असंच कुणापुढे उघडेल असं वाटलं, म्हणून घेतला नाही. त्यानंतर चाकण, तळेगाव भागातल्या पाचशेच्या आसपास माणसांच्या कंपन्यांमध्ये अर्ज टाका. तिथं कामगार आणि स्टाफ दोन्ही असतात, म्हणजे तुमचा जुना अनुभव चालतो आणि नवा मिळतो. दिवसाची नोकरी असते. पदविका किंवा एफपीसी हा निर्णय तिथं वर्षभर काढल्यावर घ्या, तेव्हा तो घेणं आजच्यापेक्षा सोपं जाईल.

उरलं ते टोकन. सोमवारी क्लासमध्ये जा आणि तीन गोष्टी कागदावर मागा. सर्टिफिकेट कोणती संस्था देणार आणि तिला मान्यता कुणाची, त्या मान्यतेचं पत्र. पुस्तिकेतलं वेतनाच्या व्याख्येचं पान. आणि मागच्या बॅचमधल्या दोघांचे फोन नंबर, ज्यांना क्लासने नोकरी लावली. तिन्ही मिळाल्या आणि टीडीएस त्यात नीट असेल, तर फक्त तेवढाच भाग कमी फीमध्ये देता का म्हणून विचारा. काही जण देतात. एक जरी मिळाली नाही, तर पावतीवर परताव्याचं काय लिहिलंय ते बघा, मागून बघा आणि नाहीच दिले तर दोन हजारांवर पाणी सोडा. मी भोसरीत असताना एका एक्सेलच्या क्लासला त्याहून जास्त घातलेत, आणि तिथं वीसजणींत कॉम्प्युटर चार होते.